साडेसात तासांची बैठक

गेल्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचपासून रात्री एक वाजेपर्यंत मी एका जागी बसून होतो. हपिसात कुठला रिलीज नव्हता, मॅच नव्हती, सिनेमा तर नव्हताच. लॅपटॉपवर न्यू जर्सीतली माझी मावसबहीण दिसत होती आणि ती माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. तिच्याकडे सकाळचे आठ वाजले होते आणि ती एमकॅटची, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेची, अख्खी सराव परीक्षा एका बैठकीत देत होती. माझं काम एवढंच, की समोर बसायचं. पर्यवेक्षक म्हणा, बुजगावणं म्हणा.

आई मधून मधून डोकावून जायची. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "अजून चालूच? ही परीक्षा आहे का साडेसाती?"

आईचं गणित बरोबर आहे. एमकॅट २०१५ पासून साडेसात तासांची झाली आहे. त्यातला प्रत्यक्ष पेपर सव्वासहा तासांचा, चार विभाग, २३० प्रश्न. उरलेला वेळ सूचना, दोन छोट्या सुट्ट्या आणि मधली अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी. आदल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. "दादा, मला विषय येतात रे. पण पाचव्या तासाला डोकंच बंद पडतं. येत असलेलं चुकतं. मला वाटतं हे माझ्याच्याने व्हायचं नाही." एकदा परीक्षा देऊन झाली आहे, गुण कमी पडले, ही दुसरी खेप. मावशी आणि काका काही बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणंच तिला जास्त लागतं.

माझी या क्षेत्रातली पुंजी म्हणजे २०१९ साली दिलेली जीआरई. तेव्हा ती पावणेचार तासांच्या आसपास असायची. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी हॉलमध्ये मॉक टेस्टला बसायचो, बाबा पेपरची पानंही आवाज न करता उलटायचे आणि आई कुकरच्या शिट्ट्या मोजून लवकर गॅस बंद करायची. पुढे एमएसला गेलो नाही, ती गोष्ट पुन्हा कधीतरी. २०२३ च्या सप्टेंबरात जीआरई एक तास ५८ मिनिटांवर आणली. त्यामुळे 'आमच्या वेळी' असं म्हणायचा अधिकार मला ऐन अठ्ठाविशीत मिळाला आहे. :-)

असो. तर बहीण तिकडे रसायनशास्त्राशी झुंजत होती आणि मी इकडे मोकळाच होतो. डोक्यात एक प्रश्न वळवळत होता. विषयाचा अभ्यास करणं वेगळं आणि परीक्षेला बसण्याचाच सराव करणं वेगळं. घड्याळ लावून, मुद्दाम तितकेच तास, तशाच खुर्चीत. पहिलवान जशी जोर-बैठका मारून तब्येत कमावतो तशी ही परीक्षेची बैठक कमवायची. हा प्रकार कोणी सुरू केला असेल? नेमकं पहिलं नाव सांगणं अवघड आहे, पण ज्या ठिकाणी हा प्रकार पार टोकाला गेला ती जागा मात्र सापडली. १९व्या शतकातलं केंब्रिज.

केंब्रिजमधल्या गणिताच्या परीक्षेला मॅथेमॅटिकल ट्रायपॉस म्हणतात. पूर्वी तिथे लॅटिनमध्ये तोंडी वादविवाद चालायचे आणि वाद घालणारा तीन पायांच्या स्टुलावर बसायचा, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. १८व्या शतकात तोंडी वाद मागे पडत गेले आणि लेखी परीक्षा वाढत गेली. ही काही प्रवेश परीक्षा नव्हती, पदवीची होती. पण तिच्या निकालावर पुढचं सगळं ठरायचं. कॉलेजची फेलोशिप, प्राध्यापकी, चर्चमधल्या किंवा वकिलीतल्या नोकरीसाठी लागणारं वजन, सगळं. पहिल्या वर्गात येणाऱ्यांना 'रँग्लर' म्हणत, त्यांच्यात पहिला तो 'सीनिअर रँग्लर', आणि सगळ्यांची क्रमवार यादी जाहीर होत असे. ऑनर्सच्या यादीत अगदी शेवटी येणाऱ्याला त्याचे मित्र लाकडी चमचा भेट देत. आपल्याकडच्या बोर्डाच्या गुणवत्ता यादीचे आजोबाच म्हणायचे.

आता आकडे बघा. १८५४ साली ही परीक्षा आठ दिवस चालली. १६ पेपर, २११ प्रश्न, साडेचव्वेचाळीस तास. तेही जानेवारीत, सेनेट हाऊसच्या गारठलेल्या दालनात. त्या वर्षी परीक्षेला बसलेल्या एका स्कॉटिश मुलाला त्याच्या वडिलांनी पत्रातून सल्ला दिला होता, की मनगटं झाकणारे लोकरी मोजे घे आणि पायांवर गुंडाळायला घोंगडी ने. मुलाचं नाव जेम्स क्लार्क मॅक्सवेल. हो, तेच ते मॅक्सवेलचे समीकरणवाले.

पेपर असे काढलेले असत, की सगळे सोडवणं कुणालाच शक्य नसे. १८६०च्या दशकातल्या एका परीक्षेचे आकडे उपलब्ध आहेत. एकूण गुण १७,०००. पहिला आलेल्याला ७,६३४. दुसऱ्याला ४,१२३. लाकडी चमचावाल्याला २३७. म्हणजे अवघड प्रश्न सोडवता येणं ही अर्धीच गोष्ट होती. आठव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखं भराभर लिहिता येणं ही दुसरी.

कॉलेजातली लेक्चरं याला पुरी पडत नसत. मग आले खाजगी शिकवणीवाले. होय मंडळी, कोचिंग क्लास ही कोटा किंवा लातूरची पैदास नव्हे! विल्यम हॉपकिन्स नावाचा शिक्षक 'सीनिअर रँग्लर घडवणारा' म्हणूनच ओळखला जायचा. १८४९ पर्यंत त्याच्या हाताखालून १७ सीनिअर रँग्लर गेले होते. स्टोक्स, केली, टेट हे त्याचेच विद्यार्थी. त्याच्यानंतरचा बादशहा एडवर्ड राऊथ. १८८८ पर्यंत तो शिकवत होता आणि त्याचे पंचवीसहून जास्त विद्यार्थी पहिले आले.

राऊथची पद्धत वाचताना मला आपल्याकडचा एखादा नावाजलेला क्लासच आठवला. छोट्या तुकड्या, ठरलेलं वेळापत्रक, स्वतःच्या हस्तलिखित टिपणांवरून मुलांनी उतरवून घेणं. आणि दर आठवड्याला जुन्या परीक्षांतून निवडलेल्या उदाहरणांचा एक पेपर, कधी सवडीने सोडवायचा, तर कधी परीक्षेसारखं घड्याळ लावून. गुणांची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. म्हणजे साप्ताहिक मॉक टेस्ट आणि लीडरबोर्ड.

दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे. त्या काळच्या केंब्रिजमध्ये रँग्लर व्हायला निघालेली मुलं अंगमेहनतही तितक्याच नेमाने करत. सकाळी अभ्यास, दुपारी लांबवर चालणं किंवा नाव वल्हवणं, संध्याकाळी पुन्हा अभ्यास. दुपारचं चालणं हा अभ्यासाचाच भाग समजला जायचा. डोकं टिकायचं तर शरीर टिकलं पाहिजे असा रोखठोक हिशेब.

हिशेब चुकला की काय होई तेही नोंदलेलं आहे. मॅक्सवेल परीक्षेच्या आधीच्या उन्हाळ्यात, १८५३ साली, एका मित्राच्या नातेवाइकांकडे गेला असताना चांगलाच आजारी पडला आणि त्या घरच्यांनी त्याची शुश्रूषा केली. फ्रान्सिस गॅल्टन हा हॉपकिन्सचा आणखी एक विद्यार्थी. पुढे संख्याशास्त्रात त्याने मोठं नाव कमावलं, पण तिसऱ्या वर्षी अभ्यासाच्या ताणाने तो कोलमडला आणि साधी पदवी घेऊन बाहेर पडला. त्यांच्यासारखी आणखी किती मुलं असतील, ज्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

(इथे बहिणीचा पहिला विभाग संपला. दहा मिनिटांची सुट्टी. ती पाणी प्यायली, कॅमेऱ्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि पुन्हा बसली.)

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितोय ती गोष्ट. १८४५ साली केंब्रिजमध्ये विल्यम थॉमसन नावाचा मुलगा सीनिअर रँग्लर होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. विद्यार्थी असतानाच त्याचे शोधनिबंध छापून आले होते. तब्येतही मजबूत, १८४३ मध्ये नौकानयनाची मानाची शर्यत जिंकलेला. निकाल लागला तेव्हा तो दुसरा आला. पहिला आला स्टीफन पार्किन्सन. पार्किन्सनने वेगाने उत्तरं लिहून काढण्याचा कसून सराव केला होता. थॉमसन मात्र एखादा प्रश्न आवडला की त्यातच रमायचा असं सांगतात. आपल्यापैकी कितीजण परीक्षेत असे रमले आणि शेवटची दोन गणितं राहून गेली, हात वर करा.

त्यानंतर काही दिवसांनी 'स्मिथ्स प्राइझ' नावाची दुसरी परीक्षा झाली. तिथे घाईपेक्षा खोलीला महत्त्व होतं. क्रम उलटला! थॉमसन पहिला, पार्किन्सन दुसरा. केंब्रिजमध्ये यावर एक किस्सा सांगत. दोघांनी एका प्रश्नाचं उत्तर हुबेहूब सारखं लिहिलं म्हणून परीक्षकांनी विचारणा केली. पार्किन्सन म्हणाला, मी हे एका नियतकालिकातल्या लेखात वाचलं होतं. थॉमसन म्हणाला, तो लेख माझाच आहे. खरंखोटं देव जाणे. पण हा थॉमसन म्हणजेच पुढचा लॉर्ड केल्विन, ज्याच्या नावाने आपण तापमान मोजतो.

आता इथे थांबून 'बघा, पहिला येणारा नुसता घोकंपट्टीवाला' असं म्हणायचा मोह होतो. पण ते खरं नाही. पार्किन्सन काही लल्लूपंजू नव्हता, त्याने यांत्रिकी आणि प्रकाशशास्त्रावर पाठ्यपुस्तकं लिहिली. आणि १८५४ चा निकाल तर बघाच. मॅक्सवेल दुसरा आला. पहिला कोण? एडवर्ड राऊथ. तोच, जो पुढे इतरांना घडवत बसला. त्याही वर्षी स्मिथ्स प्राइझची परीक्षा झाली आणि त्यात दोघांना बरोबरीचं बक्षीस मिळालं. (त्या पेपरातला आठवा प्रश्न म्हणजे आपण सेकंड इयरला रडत रडत शिकलेला स्टोक्सचा सिद्धांत. तो पहिल्यांदा छापला गेला तो या प्रश्नपत्रिकेत!) इंजिनिअरिंगला कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण सिस्टिम स्थिर आहे की नाही हे बघायला जो राऊथचा तक्ता मांडतो, तो याच राऊथचा, १८७७ सालच्या निबंधातला. म्हणजे पहिला आणि दुसरा, दोघेही आपल्या अभ्यासक्रमात येऊन बसलेत आणि दोघांनीही आपल्याला सारखंच छळलंय.

मग त्या क्रमाने नेमकं काय सांगितलं? माझ्या मते एवढंच, की त्या आठ दिवसांत, त्या प्रकारच्या पेपरांत, कोण किती टिकून वेगाने लिहू शकला. हे कौशल्य खरं आहे, कमावता येतं, कमावलेल्याला फायदा होतो. पण ते माणसाच्या बुद्धीचं माप समजणं हा केल्विनच्या बाबतीत सरळसरळ मोजमापातला दोष ठरला असता.

या कथेत आपलाही एक माणूस आहे. कोकणातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८९९ साली बरोबरीने सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परत येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. 'रँग्लर' हा शब्द त्यांच्या नावाला असा चिकटला, की पुण्यात कित्येकांना तो त्यांच्या नावाचाच भाग वाटतो. सई परांजपे त्यांची नात. मी स्वतः फर्ग्युसन रोडवर वर्षानुवर्षं कॉफी पीत बसलो, पण रँग्लर म्हणजे काय भानगड असते हे मला गेल्या शनिवारी कळलं.

परांजपे रँग्लर झाले त्याच्या दहाच वर्षांत ही क्रमवार यादी बंद पडली. शेवटची यादी १९०९ ची. जी. एच. हार्डी, ज्यांनी पुढे रामानुजनला केंब्रिजला बोलावलं, ते १८९८ चे चौथे रँग्लर आणि या पद्धतीचे कट्टर विरोधक. त्यांचे सहकारी लिटलवूड १९०५ साली बरोबरीने पहिले आले होते. त्यांनीही नंतर लिहिलं, की सीनिअर रँग्लर व्हायचं तर दोन तृतीयांश वेळ घड्याळाशी शर्यत लावून अवघड उदाहरणं सोडवण्याच्या सरावात घालवावा लागे. पहिल्या आलेल्या माणसानेच हे म्हणणं महत्त्वाचं. हरलेल्याने म्हटलं असतं तर द्राक्षं आंबट ठरली असती.

इंग्लंडात हा खेळ आवरता घेतला जात होता, तेव्हा अमेरिकेत दुसरा मांडला जात होता. २३ जून १९२६ रोजी सॅट नावाची परीक्षा पहिल्यांदा झाली. ८,०४० मुलं बसली. प्रश्न किती? ३१५. वेळ किती? ९७ मिनिटं. म्हणजे प्रश्नाला साधारण १८ सेकंद. ही दमाची परीक्षा नव्हतीच, शंभर मीटरची शर्यत होती. पुढे पुढे प्रश्नाला मिळणारा वेळ वाढत गेला आणि परीक्षा लांबत गेली. २००५ ते २०१६ या काळात सॅट पावणेचार तासांची होती.

लांबवण्यामागे नुसता दुष्टपणा नव्हता. १९१० साली स्पिअरमन आणि ब्राऊन या दोघांनी स्वतंत्रपणे एक सूत्र मांडलं. त्याचा अर्थ सोपा आहे. प्रश्न जितके जास्त, तितका नशिबाचा वाटा कमी. समजा, अर्ध्या तासाच्या परीक्षेची विश्वासार्हता ०.६ आहे (१ म्हणजे निर्दोष). तशाच प्रश्नांची एक तासाची परीक्षा घेतली तर ती ०.७५ होते, दोन तासांची ०.८६, चार तासांची ०.९२. म्हणजे वेळ वाढवला की परीक्षा भरवशाची होते खरी, पण प्रत्येक दुपटीला मिळणारा फायदा घटत जातो. शेवटच्या ०.०६ साठी मुलांचे दोन तास जातात. हे सूत्र माणूस दमत नाही असं धरून चालतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आणि जिथे लांब परीक्षा, तिथे राऊथ येणारच. अमेरिकेतला राऊथ म्हणजे ब्रुकलिनचा स्टॅन्ली कॅप्लन. १९३८ साली आईवडिलांच्या घराच्या तळघरात त्याने शिकवण्या सुरू केल्या. त्याला स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं. गुण उत्तम होते, पण मेडिकल कॉलेजांनी नाकारलं. आपण ज्यू आहोत आणि फुकटच्या सरकारी कॉलेजात शिकलो म्हणून हे झालं, अशी त्याची खात्री होती. म्हणून सगळ्यांना एकच परीक्षा असणं त्याला न्यायाचं वाटायचं. १९४६ पासून तो सॅटची तयारी करून घेऊ लागला. परीक्षा घेणाऱ्यांचं म्हणणं असायचं, की या परीक्षेची शिकवणी होऊच शकत नाही. कॅप्लनने वाद घातला नाही. परीक्षा झाली की तो मुलांना पिझ्झाची पार्टी द्यायचा, मुलं गप्पांत प्रश्न आठवून सांगायची आणि तो टिपून घ्यायचा. १९७९ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा करून झालेले पेपर खुले करायला लावले, तेव्हा कुठे खऱ्या परीक्षेचा खरा पेपर घरी बसून सोडवणं सर्वांना शक्य झालं.

मला हा कायदा या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. बैठक कमावता येते हे हॉपकिन्सच्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं, पण ती कमवायला हॉपकिन्सची फी भरावी लागत होती. आखाडा फुकट झाल्याशिवाय कुस्ती बरोबरीची कशी म्हणायची? २०१५ पासून सॅटच्या अधिकृत सराव परीक्षा खान अकॅडमीवर विनामूल्य मिळू लागल्या. कॅप्लन तोवर नव्हता, तो २००९ मध्ये गेला.

गंमत म्हणजे आता घड्याळ उलटं फिरू लागलंय. सॅट संगणकावर आली आणि २०२४ पासून अमेरिकेतही दोन तास १४ मिनिटांची झाली. पहिल्या भागात तुम्ही काय केलंत ते बघून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, त्यामुळे कमी प्रश्नांत काम भागतं. एमकॅटही २०२० मध्ये, कोविडच्या काळात, काही महिन्यांपुरती पावणेसहा तासांवर आणली होती. गुणांची मोजपट्टी तीच ठेवली. पुढच्या वर्षी पुन्हा साडेसात. म्हणजे पावणेदोन तास कमी करूनही डॉक्टर निवडता येत होते, हे माझ्या बहिणीला मी सांगितलेलं नाही. उगाच कशाला.

(इथे जेवणाची सुट्टी. तिकडे अर्धा तास, इकडे माझं जेवण. आईने पान वाढून टेबलावर आणून दिलं.)

राहता राहिला पाचवा तास. डोकं खरंच बंद पडतं का? २००९ साली अकरमन आणि कॅन्फर या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांना सॅटसारखी परीक्षा साडेतीन, साडेचार आणि साडेपाच तास अशा तीन लांबींत द्यायला लावली. अपेक्षेप्रमाणे लांब परीक्षेत मुलं जास्त दमली, निदान त्यांनी तसं सांगितलं. पण सरासरी गुण घसरले नाहीत, उलट लांब परीक्षेत किंचित जास्तच आले. दमल्यासारखं वाटणं आणि उत्तरं चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. दुसरा अभ्यास २०१६ चा, डेन्मार्कच्या शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय चाचण्यांचा. दिवस जसा चढतो तसे गुण दर तासाला थोडे थोडे उतरतात, पण वीस-तीस मिनिटांची सुट्टी दिली की पुन्हा वर येतात.

हे वाचल्यावर मी अस्सल आयटीवाल्यासारखं वागलो. बहिणीच्या आधीच्या चार सराव परीक्षांची उत्तरं मागवून घेतली होतीच. ती एक्सेलमध्ये टाकली, प्रश्न क्रमांक आडवे, परीक्षा उभ्या, चुकलेलं घर लाल. तिचं म्हणणं खरं असतं तर उजवीकडे लाल रंग दाट होत जायला हवा होता. तसं नव्हतं. शेवटच्या विभागात लाल घरं जवळपास पहिल्या विभागाइतकीच. दाट पट्टा होता तो जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा प्रश्नांत. चारही परीक्षांत. चार परीक्षा म्हणजे काही मोठा विदा नव्हे हे मान्य, पण लॉगमध्ये चार वेळा एकाच ओळीवर एरर आली तर आपण ती ओळ बघतोच की.

तिला विचारलं, सुट्टीत काय करतेस? आधी म्हणाली, जेवते. मग म्हणाली, जेवता जेवता फोन बघते. फोनवर काय? त्यांचा एक ग्रुप आहे, सगळे आपापले मॉकचे गुण टाकतात. म्हणजे राऊथची भिंतीवरची यादी आता खिशात आली आहे आणि ती ऐन परीक्षेच्या मधोमध उघडून बघायची सोय झाली आहे! शिवाय आधीच्या चारपैकी दोन परीक्षा तिने सकाळी अकराला पलंगावर बसून, मध्ये घड्याळ थांबवून दिल्या होत्या. ती बैठक नव्हे, लोळण.

म्हणून शनिवारचा घाट. आमचे नियम साधेच होते. खऱ्या परीक्षेच्या वेळेलाच सुरुवात. टेबल-खुर्ची. घड्याळ थांबवायचं नाही. सुट्टीत फोन मावशीच्या ताब्यात, हलकं खाणं आणि अंगणात दहा मिनिटं चालणं. (हा केंब्रिजकरांचा सल्ला, पावणेदोनशे वर्षं जुना, बिनखर्चाचा.) आठवड्यात एकच पूर्ण परीक्षा आणि पुढचे दोन दिवस फक्त चुका तपासायच्या, कारण नुसत्या परीक्षांवर परीक्षा दिल्या तर बैठक वाढते, उत्तरं तीच चुकतात.

रात्री एक वाजता तिने शेवटचं बटण दाबलं. एकूण गुण फार वाढले असं नाही, दोनच. पण सुट्टीनंतरच्या पहिल्या पंधरा प्रश्नांत आधी सरासरी आठ चुकायचे, या वेळी चार चुकले. मी तिला थॉमसनची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "दादा, मला दुसरी आलेलीही चालेल रे. मला फक्त ही परीक्षा माझ्याबद्दल काहीतरी मोठं सांगतेय असं वाटायचं बंद व्हायला हवं." मी म्हटलं, ही परीक्षा एवढंच सांगते की साडेसात तास बसायची तुझी तयारी किती झाली आहे. तयारी उद्या आजच्यापेक्षा जास्त असेल.

तिची खरी परीक्षा तीन आठवड्यांनी आहे. येत्या शनिवारी पुन्हा बसशील का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलंय. आईने शनिवारचं जेवण तिच्या सुट्टीच्या वेळेला ठेवायचं ठरवलंय, म्हणजे सगळ्यांना एकदमच जेवता येईल.